कोरडं कोपर

चिंचवड, रविवार, ६ फेब्रुवारी १९७७

मशिदीमागच्या खोलीतला माझा मुलींचा वर्ग कमिटीने बंद केला. गुन्हा काय? नमाजाआधीचा वजू मी नुसता घोकून न घेता प्रत्यक्ष करून घेतला. एकीने तांब्या घेऊन तोंड, कोपरापर्यंत हात आणि पाय धुवायचे, बाकीच्यांनी चुका धरायच्या. कॉन्व्हेंटमध्ये मी जन्मभर पुरेल इतकं घोकलं होतं, म्हणून.

दहा वर्षांच्या शबानाने घरी बापाचीच चूक धरली. "अब्बा, कोपर कोरडं राहिलं." कंपनीतून दमून आलेला माणूस, भडकला आणि थेट मौलवीसाहेबांकडे गेला. ते मला म्हणतात, "आपा, मुलींना दीन, आपला धर्म, शिकवा. बापाची परीक्षा घ्यायला नका शिकवू." मी चांगलं सुनावलं. उपयोग शून्य. कमिटीतल्या सगळ्या पुरुषांची कोपरं कोण तपासणार?

आज शबाना वर्गातला तांब्या परत द्यायला आली.

"आपा, अब्बांचं कोपर आजही कोरडंच होतं."

"मग?"

"मी भिंतीकडे बघत बसले. अम्मी म्हणाली, आता कशी शहाणी झालीस!"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. चूक धर, हे मीच शिकवलं होतं. आज काय सांगू? पुन्हा धर म्हणावं आणि तिला मार बसला तर? मी तांब्या घेतला आणि तिला चहा विचारला.