टाचेतली पोकळी

ता. ४ मार्च

ती. दादास, सा. न.

हे पत्र मिळेल तिथेच थांब आणि मी करून पाठवलेलं कृत्रिम पाऊल काढून ठेव. ते घालून टेहळणीच्या मनोऱ्यावर चढू नकोस. तुझ्या जंगलात फोन लागत नाही, म्हणून शिधा आणणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती हे देतेय.

ते पाऊल मी प्लास्टिकच्या साच्यात केलं होतं. कार्बनच्या कापडाचे थर, प्रत्येक थराला चिकट, पातळ रेझिन. ते लवकर घट्ट व्हावं म्हणून साचा भट्टीत ठेवला. काल तोच साचा हाती घेतला, तर टाचेपाशी खचलेला. उष्णतेने प्लास्टिक मऊ पडलं. तुझ्या वेळी की नंतर, कळायला मार्ग नाही. भट्टी मीच लावली होती. थरांमध्ये पोकळी राहिली असेल तर ती वरून दिसत नाही. टाचेवर नाण्याने वाजवून बघ. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं, तर दादा, त्यावर उभासुद्धा राहू नकोस.

आईला काही बोललेले नाही. उत्तर येईपर्यंत घास उतरणार नाही.

तुझी धाकटी

ता. ९ मार्च

चि. भित्र्या भागूबाईस, अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मी मनोऱ्यावर, अर्थात तुझ्याच पावलावर चढलेला. गाडीवाल्याने ते दोरीच्या टोपलीतून वर धाडलं. चढू नकोस म्हणतेस. चढलेल्याने उतरायचं कसं, ते लिहायला विसरलीस.

वाजवलं. बद्द. नाणं बदलून पुन्हा वाजवलं, जणू दोष नाण्याचाच होता.

मग पाऊल टोपलीतून खाली सोडलं आणि दोन हात, एक पाय यांवर उतरलो. गाडीवाला खाली एकटाच ताडपत्री धरून उभा, आणि दुसरं टोक कोणी धरायचं म्हणून मलाच ओरडून विचारतोय. हसू आलं, तसा पाय लटपटायला लागला. तळहात सोलले. खोटं कशाला सांगू, घाबरलो होतो.

पाऊल सोबत पाठवतोय. माझं जुनं लाकडी धाड. रडत बसू नकोस, कामाला लाग. लोभ आहेच, आणखी वाढवायला जागा नाही.

दादा

ता. १४ मार्च

ती. दादास, सा. न.

लाकडी पाऊल याच गाडीने येतंय. तुझं व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरलं, तर जोर लावायच्या आधीच टाचेचे पापुद्रे सुटले.

त्याच साच्यातून आमच्या कारखान्याच्या मालकांनी एका मास्तरांनाही पाऊल करून दिल्याचं आज कळलं. मालक म्हणतात, त्यांची तक्रार नाही ना, मग झाकली मूठ झाकलेलीच ठेव. तक्रार तर तुझीही नव्हती.

मास्तर फोन उचलत नाहीत. पत्ता मिळवलाय, आत्ताच निघतेय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. दार उघडायला ते स्वतःच्या पायांनी येवोत, एवढंच मनात घोळतंय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी