जुलैतला नापास

सराव शिबिर,
२७ जुलै २००३

ती. रोझा आत्यास,
क्लेमचा सा. न. वि. वि.

महिन्याला एक तरी हाताने लिहिलेलं पत्र आलं नाही तर फोन उचलणार नाही, ही तुझी धमकी मी दहा वर्षं पाळतोय. आज पॅड बांधायच्या खोलीत लिहायला बसलो, तर एकाने विचारलं की तुरुंगातल्या भावाला लिहितोस का. म्हटलं, नाही, तुरुंगाच्या वॉर्डनला लिहितोय.

यंदाची नवी भरती म्हणजे नुसती फुगवलेली पोती. त्यातलाच एक टार्विन. बावीस वर्षांचा, माझ्याच जागेवर खेळतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मधला लाइनबॅकर म्हणजे काय हे त्या बापड्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पुढच्या धिप्पाड गड्यांच्या मागे उभं राहायचं, समोरच्यांचा डाव ओळखायचा, आपल्या दहा जणांना ओरडून जागा सांगायच्या आणि मग चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवा करायचा. प्रथेप्रमाणे परवा जेवणघरात त्याला खुर्चीवर उभं केलं आणि त्याच्या कॉलेजचं गाणं म्हणायला लावलं. दुसरी ओळच विसरला. आम्ही पावाचे तुकडे फेकून मारले. चार ओळी ज्याच्या डोक्यात राहत नाहीत तो म्हणे दहा जणांना हाकणार.

संघाच्या डॉक्टरने संगणकापुढे बसवून चाचणी घेतली. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात आणि मग त्यातलं काय काय आठवतं ते विचारतात. हे जुलैचे गुण फायलीत राहतात. मोसमात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच चाचणी होते आणि गुण घसरलेले दिसले की बाकावर बसवतात. आम्ही जुने लोक काय करतो, तर जुलैतच मुद्दाम चुका करतो. गुण मुळातच कमी असले की घसरायला जागाच उरत नाही. मी अर्ध्याहून जास्त उत्तरं चुकवली आणि डॉक्टरला वाटलं मी जन्माचाच मठ्ठ. टार्विनने सगळी बरोबर दिली, आणि वर ते सांगत हिंडतोय.

हा मोसम पूर्ण खेळलो की आणखी दोन वर्षांचा करार नक्की. तेहतिसाव्या वर्षी असं कुणाला मिळत नाही. तुझी सून मार्नी तुला नमस्कार सांगते. रागावायचं असेल तर रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
क्लेम


ग्रेलिंग,
५ ऑगस्ट २००३

चि. क्लेम यास,
रोझा आत्याचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. लाल पेन्सिलीने तपासून नेहमीच्या पेटीत ठेवलं. सात चुका आहेत, त्यातल्या चार निव्वळ आळसाच्या.

अडतीस वर्षं मी तिसरीला शिकवलं. न येणारी मुलं पाहिली, शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणारी पाहिली. पण येत असून मुद्दाम नापास होणारा आणि वर त्याची फुशारकी मारणारा गाढव आजवर पाहिला नव्हता. तो आमच्याच घरात निघावा! तिसरीत दहापैकी नऊ मिळाले म्हणून कोट टांगायच्या खुंट्यांमागे बसून रडणारं आईवेगळं पोर मला आठवतं. त्याचं काय केलंस रे? आणि त्या टार्विनला पाव फेकून मारताना तुम्हा म्हाताऱ्या घोड्यांना लाज नाही वाटली? बावीस वर्षांचा मुलगा एवढ्या लोकांपुढे ओळ विसरला तर त्यात नवल ते काय.

गावाचं तू विचारत नाहीस, तरी सांगते. गिरणी बंद ती बंदच. शाळेचं छप्पर गळतंय, त्याला कुणी हात लावत नाही. वेशीवरच्या पाटीला मात्र यंदाही रंग दिला. ‘क्लेम सोबोटा, क्रमांक ५४, यांचं गाव’. त्यात तुझं नाव मोठं आणि गावाचं त्याच्याखाली बारीक. न्हाव्याच्या दुकानातल्या रिकामटेकड्यांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण तू कोणत्या वर्षी कुणाला कसा आपटलास ते तोंडपाठ. फादर चर्चच्या सोडतीत लावायला तुझं इथलं जुनं हेल्मेट मागत होते. म्हटलं, खुशाल घ्या, त्याच्या आत काही नसतंच.

काल चर्चच्या तळघरात आम्ही बायकांनी सारण भरून, करंजीसारख्या कडा दाबून चारशे पिरोही वळल्या. पाऱ्या लाटताना तुझ्या शाळेच्या संघाच्या खुणा आठवल्या. माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिरोही मांडून तू त्या पाठ करायचास. बटाट्याचं सारण म्हणजे सगळे उजवीकडे, कोबीचं म्हणजे डावीकडे आणि आलुबुखारचं म्हणजे सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं. शेजारच्या गावाला चार वर्षं त्याचा पत्ता लागला नाही. तेव्हा तुझा खेळ मला आवडायचा. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

एक वाईट बातमी. आपला कुत्रा ब्रुनो गेल्या मंगळवारी गेला. चौदा वर्षांचा झाला होता, झोपेतच गेला. मागच्या आलुबुखारच्या झाडाखाली पुरला. फोनवर मला सांगवलं नसतं.

मार्नीला जप. पुढच्या पत्रात चुका कमी कर, म्हणजे माझा लोभ राहील.

तुझी,
रोझा आत्या


२३ सप्टेंबर २००३

ती. रोझा आत्यास,
सा. न. वि. वि.

ऑगस्टचं पत्र राहूनच गेलं. ब्रुनोचं मार्नीला वाचून दाखवलं. मार्नीने त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. चौदा वर्षं म्हणजे कुत्र्याने आमच्या कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा जास्त दिवस काढले.

तीन सामने झाले, दोन जिंकलो. तिसऱ्यात एका बैलाशी डोक्याला डोकं आपटलं. थोडा वेळ मैदान तिरकं दिसत होतं, एवढंच. सोमवारी डॉक्टरने चाचणी घेतली. गुण आले जुलैत होते तेवढेच. डॉक्टरने पाठ थोपटली आणि म्हणाला, तसूभरही फरक नाही, रविवारी खेळ. आता बोल. तू मला गाढव म्हणालीस, पण या गाढवाची युक्ती कामी आली. संघाच्या मालकीणबाई स्वतः येऊन हात मिळवून गेल्या. त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली, पण त्यांना आम्ही सगळे सारखेच दिसतो.

टार्विन बाकावर बसून वही भरतोय. भरू दे.

शिव्या चार कमी घाल, पत्र मात्र मोठं लिही.

तुझा,
क्लेम


ग्रेलिंग,
३० सप्टेंबर २००३

चि. क्लेम यास आशीर्वाद.

‘थोडा वेळ मैदान तिरकं दिसलं’ म्हणे. टीव्ही मलाही दिसतो. तू उठलास आणि सरळ समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. त्यांच्यातल्याच एकाने दंडाला धरून तुला परत पाठवलं. समालोचक हसले. गळ्यात रेशमी टाय बांधून माणसाच्या डोक्याला लागलेलं बघायचं आणि हसायचं, याचा या लोकांना पगार मिळतो. मी टीव्ही बंद केला आणि शेगडीवर पाणी ठेवलं. ते उकळून आटलं तरी मला कळलं नाही.

आज एकच प्रश्न विचारते, त्याचं सरळ उत्तर हवं. सोमवारच्या चाचणीतही तू मुद्दाम चुकलास का?

वाट पाहते.

रोझा आत्या


२१ ऑक्टोबर २००३

ती. रोझा आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे प्रश्न म्हणजे अजून तिसरीचेच. दुसऱ्या वेळी कशाला मुद्दाम चुकेन? तेव्हा तर जीव तोडून उत्तरं दिली. शब्द पुटपुटत बसलो होतो. जुलैतले गुण गाठायचेच होते आणि गाठले. झालं समाधान?

इथे सगळा मूर्खांचा बाजार भरलाय. रविवारचा सामना शेवटच्या मिनिटाला घालवला. समोरच्यांचा डाव मी ओळखला होता. आलुबुखार, आलुबुखार असं दोनदा गळा फाडून ओरडलो, तरी एकही जण हलला नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले आणि चेंडू त्यांच्यामधून निघून गेला. टचडाउन, सामना त्यांचा. नंतर एकेकाला धरून झाडला. ज्यांना साधी खूण पाठ होत नाही अशांना घेऊन खेळायचं म्हणजे कपाळावर हात मारून घ्यायची वेळ.

एक गंमत तुला सांगायचीच राहिली. टार्विन म्हणून एक नवा आलाय, माझ्याच जागेवर खेळतो. त्याला शिबिरात खुर्चीवर उभं करून कॉलेजचं गाणं म्हणायला लावलं, तर दुसरी ओळच विसरला. आम्ही पाव फेकून मारले. चार ओळी डोक्यात राहत नाहीत आणि हा दहा जणांना हाकणार.

मार्नी हल्ली उगाच गप्प गप्प असते. तू तरी तिला फोन करून विचार. तुझी माया आहे तोवर मला बाकीच्यांची पर्वा नाही.

तुझा,
क्लेम


ग्रेलिंग,
२७ ऑक्टोबर २००३

चि. क्लेम,
आशीर्वाद.

सोबत तुझी तीन पत्रं पाठवते आहे. जुलैचं, सप्टेंबरचं आणि परवाचं. परवाच्या पत्राला लाल पेन्सिल लावलेली नाही. ती हातात घेतली आणि खाली ठेवली.

मार्नीशी बोलले. मोटार घराच्या दारात चालू ठेवून तू आत येऊन झोपलास, असं दोनदा झालं, म्हणाली. कुणाला सांगितलंस तर बघ, असा दम तू तिला दिला होतास. मी आत्या आहे, मला सांगितलेलं चालतं.

आता मार्नीला शेजारी बसव आणि ही पत्रं तिच्याकडून मोठ्याने वाचून घे. टार्विनच्या गाण्याची हकीकत तू मला जुलैतच लिहिली होतीस. त्यावरून मी तुला झाडलंही होतं. आलुबुखार ही तुझ्या आत्ताच्या संघाची खूण नाही. ती ग्रेलिंगच्या शाळेची खूण आहे. ती माझ्या टेबलावर पाठ झाली होती. तुझी ती दहा मुलं मूर्ख नव्हती.

आणि जुलैत तू मुद्दाम नापास झालास. सप्टेंबरात जीव तोडून उत्तरं दिलीस तरी तेवढेच गुण पडले. याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला डॉक्टर कशाला हवा? त्या डॉक्टरची मला कीव येते. ज्याला दोन कागद शेजारी ठेवून ‘फरक नाही’ एवढंच वाचता येतं, त्याला मी चौथीत चढवला नसता.

हेल्मेटात काही नसतं, असं मी फादरना म्हणाले होते. तेव्हा तळघरात सगळ्या हसल्या होत्या. क्लेम, त्या वाक्याने मला आठवडाभर झोप नाही. मी दहा वर्षं तुझ्या खेळाला हसत आले, कारण हसलं नसतं तर रविवारी टीव्हीपुढे बसता आलं नसतं.

संघाबाहेरच्या डॉक्टरकडे जा. जुलैत काय केलंस ते खरं खरं सांग. येत्या रविवारी मैदानात उतरू नकोस. हे आत्या म्हणून सांगते, मास्तरीण म्हणून नाही.

रोझा आत्या


९ नोव्हेंबर २००३

ती. रोझा आत्यास,
सा. न. वि. वि.

मार्नीने मागच्या पायऱ्यांवर बसून पत्रं वाचली. तिसरं वाचून होण्याआधीच मी उठून आत गेलो आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो. गाण्याची हकीकत आधी लिहिल्याचं मला अजूनही आठवत नाही. अक्षर मात्र माझंच आहे.

संघाच्या डॉक्टरला जुलैचं खरं सांगितलं. तो फाइल उलटसुलट करत बसला आणि म्हणाला, कागदावर तू तंदुरुस्तच आहेस. त्याच्याइतका निर्लज्ज माणूस पाहिला नव्हता, पण मग आठवलं की तो कागद मीच त्याला दिला होता. बाहेरच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. आधी तुम्ही कसे होता, असं त्यांनी विचारलं. नवीन मार हा, की जुनीच झीज, की दोन्ही, हे ठरवायला त्यांना खरे जुने गुण हवे होते. ते कुठेच नाहीत. मी इतका हुशार निघालो, की माझं किती गेलंय ते आता कुणालाच मोजता येत नाही.

प्रशिक्षकाला सांगितलं की मी थांबतो. त्याने हात मिळवला आणि जाताना टार्विनला आत पाठव म्हणाला. दहा वर्षांचा निरोप एवढाच. टार्विनला एवढंच सांगितलं की दर जुलैत चाचणी खरीच दे. तो मला सर म्हणाला. मी त्याला दोन शिव्या घातल्या, तेव्हा कुठे बरं वाटलं.

हेल्मेट फादरना देऊन टाक, आणि तुझा तो विनोद मला आवडला असंही त्यांना सांग. आम्ही दोघं २० तारखेला, गुरुवारी येतो. मला तळघरात पिरोहीच्या कडा दाबायला बसव, त्यात माझं काही चुकायचं नाही. आणि ब्रुनोला सांग, आता रोज सकाळी नदीपर्यंत फिरायला नेईन.

माझ्यावरचा राग संपला असेल तर येऊ का?

तुझा,
क्लेम


ग्रेलिंग,
१४ नोव्हेंबर २००३

चि. क्लेम यास,
रोझा आत्याचे अनेक आशीर्वाद.

विचारायचं काय त्यात? वरची खोली झाडून ठेवली आहे. न्हाव्याच्या दुकानातली मंडळी विचारायला आली होती की मोसमाच्या मध्येच कसा काय येतोय. त्यांना म्हटलं, तो तुमच्यासाठी येत नाही. पाटी ज्यांना उतरवायची त्यांनी उतरवावी.

त्या डॉक्टरीणबाईंना सांग की जुने गुण आहेत. माझ्या पेटीत तुझी दहा वर्षांची पत्रं आहेत, एकूण एक, तारखेसकट, चुका मोजलेली. पहिल्या शिबिरातून लिहिलेल्या आठ पानांत एकही गोष्ट दोनदा नाही. पेटी घेऊन मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. त्यांना काय मोजायचं ते त्यातून मोजू दे.

परवाचं तुझं पत्र तपासलं. खोटं काही नाही, बढाई नाही, कुणावर ढकललेलं नाही. दहापैकी नऊ दिले आहेत. यंदा रडायचं नाही.

एक गुण ब्रुनोचा कापला. तो आलुबुखारच्या झाडाखाली आहे, राजा. ऑगस्टमध्ये लिहिलं होतं तुला. आलास की झाडापाशी नेऊन पुन्हा सांगेन, आणि नंतर पुन्हा विचारलंस तर पुन्हा सांगेन. मला दुसरं काम काय आहे?

गुरुवारी वाट पाहते.

तुझी,
रोझा आत्या