नऊशे पावलांची वाट

१० जून २००३
बेटावर पोचलो. स्कॉटलंडच्याही उत्तरेला, वस्ती नाही. शेवटचा नकाशा आजोबांच्या काळातला. ब्रिटिश फौजेतले आम्ही तिघे: कॉर्पोरल हॅरिस, वेल्सचा ओवेन आणि मी. पायी फिरून नकाशा तपासायचा. १४ला सकाळी बोट न्यायला येईल. पावलं मोजणारा मी. फक्त डावं पाऊल मोजायचं, बोलायचं नाही. ओवेनने आईचा चिवडा चाखला आणि विचारलं, तुमच्या लंडनच्या हाउन्सलोत पक्ष्यांना हेच घालतात का. मग अर्धा डबा संपवला. हवा छान. रात्री अकरा वाजताही उजेड आहे.

११ जून
बोटीच्या धक्क्यापासून टेकडीपर्यंत मोजणी. वाटेत ओवेनने कॉर्पोरलच्या चालण्याची नक्कल केली. हसलो आणि आकडा विसरलो. वर पोचल्यावर ठोकून दिलं, नऊशे. कॉर्पोरलने शाईने लिहिलं. पुन्हा चालायला नको म्हणून गप्प बसलो. तंबू टेकडीवरच टाकला.

१२ जून
पाण्याचे कॅन आणायला धक्क्यावर गेलो. जाताना तेराशे चाळीस. येताना एकोणीसशे. कॉर्पोरलने विचारलं, अवधूत, रात्रीत पाय आखूड झाले का. मग स्वतः चालून आला. बावीसशे. त्यानंतर थट्टा केली नाही.
संध्याकाळी ओवेन ओल्या खडकावरून घसरला. नडगी मोडली, हाड दिसतंय. रेडिओवर नुसती खरखर.

१३ जून
सकाळपासून ओवेनला स्ट्रेचरवर नेतोय. धक्का सतत समोर. सहा हजार झाले, तो जवळ येत नाही.
कॉर्पोरलला नऊशेचं खरं सांगितलं. तो ओरडला नाही. आकडा खोडला आणि म्हणाला, उचल.
काही बदललं नाही.

१३, दुपार
कॉर्पोरल मदत आणायला एकटा पुढे गेला. माळ सपाट, आडोसा नाही. तीन तास झाले. अजून दिसतोय. अजून चालतोय. लहान होत चाललाय, धक्का मात्र —

१४ जून
बोट आली. बोटवाला धक्क्यावर उभा आहे. आमच्या हाका पोचत नाहीत. पाणी संपलं. ओवेनचा पाय काळा पडलाय. कॉर्पोरल ठिपक्याएवढा. चालतोच आहे.

बोटवाला दोर सोडतोय. ओवेन म्हणतो मला टाक, पळ. नाही म्हटलं. मग म्हणाला, निदान हाक ऐकू जाईल इतकं तरी पुढे जा.

एक पाऊल टाकलं. एकच. वळून पाहिलं.
ओवेन अंगठ्याएवढा. पार टेकडीच्या पायथ्याशी. हात वर केलाय.

परत त्याच्याकडे निघालो. डावं, डावं. दोन हजार. तो तेवढाच. हात अजून वर —
तीन हजार — बसून लिहितोय — हात आता —