वरची सोडून कुठूनही

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा दोन्ही कानांसह शिरसाष्टांग नमस्कार. (कानांचा वेगळा उल्लेख का, ते पुढे येईलच. मधल्या काळात त्यांना नमस्कारात धरावं की वगळावं, अशी वेळ आली होती.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? नव्या घराचा जिना चढताना मध्ये थांबतेस ना, की शेजारीपाजारी बघतात म्हणून एका दमात चढतेस आणि मग दार लावून धापा टाकतेस? आणि खोकला? खोकल्याचं मी मुद्दाम विचारतोय. आम्ही इकडे सुखरूप आहोत, आणि हा शब्द मी सवयीने लिहीत नाहीये. मागच्या महिन्यात एका सकाळी मी अवेळी फोन करून 'मावशी, तू बरी आहेस ना?' एवढंच विचारलं आणि तू 'तोंडात ब्रश आहे, मेले नाहीये अजून' म्हणून फोन आपटलास, त्याचाही खुलासा या पत्रात आहे. तेव्हा चष्मा लाव आणि बस.

घर लहान झालं म्हणून तू तुझं रेकॉर्डींचं खोकं आणि तो प्लेअर माझ्याकडे पाठवलास. मी तुला विचारलं की युरोपातलं हे हल्लीचं जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करू, कारण खोक्यातल्या कुठल्याच कव्हरवर कोणी हसत नव्हतं आणि निम्म्या कव्हरांवर तर माणूसच नव्हता, नुसता बर्फ किंवा एखादी खुर्ची. तू म्हणालीस, 'वरची सोडून कुठूनही.' आता मावशी, तू आपल्याच घराण्यातली. आपल्याकडे 'रंग ओला आहे' अशी पाटी दिसली की आधी बोट लावून खात्री करतात. माझ्या आईने तर पोस्टमनला लावायला लावलं होतं. तेव्हा मी वरचीच लावली, यात माझा दोष कमी आणि रक्ताचा जास्त.

माझं काम तुला माहीत आहे (नातेवाइकांत तुला एकटीलाच नीट माहीत आहे, बाकीचे 'तो पंख्याखाली बसून पगार घेतो' एवढंच सांगतात). कारखान्यात तयार झालेला प्रत्येक पंखा आमच्या शांत खोलीत टांगतात, सुरू करतात, आणि मी कान देऊन सांगतो: पास किंवा परत. बेअरिंग कोरडं असलं की किर्र, पातं ढिलं असलं की टक, मोटरमधलं तारेचं वेटोळं सैल असलं की घूं. शंका आली तर एक लाकडी दांडी आहे, तिचं एक टोक मोटरला आणि दुसरं कानाला. आवाज मोजायचं यंत्रही कंपनीने आणलंय, पण त्याला अजून टक आणि किर्र यांतला फरक कळत नाही, म्हणून मी आहे. आणि आमच्या धंद्यात एक भीती पिढीजात चालत आलेली आहे. कान जायला लागला की आधी बहिरेपण येत नाही, आधी नसलेले आवाज ऐकू येतात. माझ्या आधीचा गृहस्थ असाच गेला. म्हणजे पॅकिंग खात्यात गेला. आता दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावतो, आणि मी मान वळवून त्याच्यासमोरून निघून जातो.

तर वरची रेकॉर्ड लावली. हॉलमध्ये लोकांसमोर वाजवलेली, तिघांची: एक पियानो, एक सॅक्सोफोन आणि एक ते माणसाहून उंच, उभं धरायचं बास. आधी काहीच नाही. मग पियानोचा एक सूर. मग परत काहीच नाही, आणि हे काहीच नाही इतका वेळ चाललं की मी उठून वायर हलवली. मग सूर आले, फार सुंदर आले, पण त्यांच्या पोटात किर्र ऐकू आलं. पाठोपाठ टक, टकटक. मग कोणीतरी कण्हल्यासारखा श्वास. मी आवाज वाढवला, सवयीने लाकडी दांडी स्पीकरला लावली आणि डोळे मिटले. बायको शिवणाच्या खोलीतून आली आणि विचारू लागली, 'काय बिघडलंय त्याचं?' मी तिला ऐकायला बसवलं. तिला किर्र नाही, टक नाही, श्वास नाही, तिला फक्त 'कोणीतरी विचार करत वाजवतंय' एवढंच ऐकू आलं. मी प्लेअर खोलला, पुसला, तेल दिलं, परत जोडला. (एक स्क्रू उरला आहे. बटणांच्या डब्यात जपून ठेवलाय, काळजी नको.) परत लावलं, तर किर्र, टक, श्वास, सगळे हजर. यंत्रात दोष नाही म्हटल्यावर उरलो मी.

आणि मग पियानो अगदी बारीक झालेला असताना, माझ्या पाठीमागे तू खोकलीस. मावशी, मागे फक्त रिकामी खुर्ची होती आणि तिच्यावर बायकोचं अर्धं शिवलेलं पोलकं. तुझा खोकला मी ओळखणार नाही? एक लहान, जरा थांबून एक मोठा, त्याच्यामागून घसा खाकरणं. लहानपणी आम्ही पत्ते लपवायचो ते याच खुणेवर. कान गेला तो गेला, आता डोकंही निघालं की काय असं वाटलं, किंवा त्याहून वाईट, तुझं काही बरंवाईट. म्हणून तो सकाळचा फोन. ब्रशचं ऐकून जीव भांड्यात पडला, पण कानाचं काय ते तसंच राहिलं.

त्या आठवड्यात मी कारखान्यात जो गोंधळ घातला, तो आणखी वर्षभर तरी जेवणाच्या सुट्टीत चघळला जाईल. भीती बसली की प्रत्येक पंख्यात टक ऐकू येते. मी परत, परत, परत करत सुटलो. माघारी गेलेल्या पंख्यांची रांग दाराबाहेर पोचली. वेटोळी गुंडाळणारा कारागीर दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्याच्या मुलीला नकार दिलाय. मग आमचे सुपरवायझर आले. (त्यांना आम्ही भोंगा म्हणतो. स्वभाव प्रेमळ, आवाज भोंग्याचा.) त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणजे पार रंगखात्यापर्यंत जाईल असं सांगितलं की वार्षिक कानतपासणी या वेळी जरा आधीच करून घेऊ. मी मान डोलावली. संध्याकाळी घरी येऊन बायकोला विचारलं की चिकटपट्टीचं काम तसं काही वाईट नसतं, नाही का? ती म्हणाली, 'जेव आधी.' पण तिनेही पानातलं टाकलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या एका बारक्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी लगेच दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिलो. त्यांनी दार उघडून सांगितलं, 'अहो, मी अजून काही सुरूच केलं नाहीये.' मी कसाबसा म्हणालो की किर्र येतंय, डावीकडून, बेअरिंग कोरडं असल्यासारखं. तर त्या म्हणतात, 'तो बाहेरच्या पॅसेजमधला पंखा. मलाही येतो. सांगून दमले, कोणी बघत नाही.' मावशी, 'मलाही येतो' या दोन शब्दांसाठी मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो. (पंखा आमच्या कंपनीचा नव्हता. जाताना मान वर करून पाहून घेतलं.) मग खरी तपासणी झाली. कान ठणठणीत निघाले. मी त्यांना रेकॉर्डमधली किर्र, टक आणि श्वास सांगितला. खोकल्याचं तेवढं बोललो नाही, चारचौघांत मावशीला आणायला जीव धजेना. त्यांनी एकच विचारलं, ते आवाज दर वेळी त्याच जागी येतात का? मी म्हटलं, लक्ष दिलं नाही. त्या म्हणाल्या, 'मग द्या. भासाला गाणं पाठ नसतं.'

घरी आलो तो चप्पल न काढता रेकॉर्ड लावली. किर्र त्याच जागी. परत लावली. त्याच जागी. पियानोवाला वरच्या सुरांकडे झुकला की त्याचं स्टूल कुरकुरतं. टकटक म्हणजे सॅक्सोफोनच्या झाकण्या, उघडताना आणि मिटताना. श्वास बासवाल्याचा, तो आपल्याच वाजवण्यावर खूष होऊन हुंकार देतो. सगळं खरं, सगळं तिथेच, त्या तबकडीत! मी सोफ्यावर बसून रडलो. खरंच रडलो, गळ्यात मापाची टेप अडकवलेली बायको धावत येईपर्यंत. तिला सगळं सांगितलं. तिने माझा उजवा कान धरला, चांगला पिळला, आणि मग तीही रडली. दुसऱ्या दिवशी भोंग्याने माघारी गेलेले पंखे परत टांगले, मी जवळपास सगळे पास केले, आणि वेटोळ्यांच्या कारागिराने मला चहा पाजला. चहात साखर नव्हती, पण ते मी समजू शकतो.

आता तुझ्या खोक्यात मी पुरता बुडालोय, म्हणून कोणी मला विचारलं की या जॅझची सुरुवात कुठून करावी, तर मी सांगेन की माणसं मोजून करावी. नवा जावई जसा आधी फक्त बायकोशी बोलतो, मग सासू-सासऱ्यांशी, आणि काका-काकू, मामा-मामी, आत्या या सगळ्यांना एकदम कधीच भेटत नाही, तसं. आधी दोघांची लावावी. तुझ्या खोक्यात एक अ‍ॅकॉर्डियन आणि ट्रम्पेट अशा जोडीची आहे, तिच्यात दोघं भांडतात आणि समेट करतात, शब्द कळायची गरज पडत नाही. मग तिघांची, उत्तरेकडच्या थंड देशांतली, त्यांत शांतता फार, पण वायर हलवायला उठू नये. मग चौघं, त्यांत ढोलवाला आला की जरा घर भरल्यासारखं वाटतं. आणि ते पंधरावीस जणांचं एकत्र कुटुंब सगळ्यात शेवटी, सुट्टीच्या दिवशी, बायको बाहेर गेलेली असताना. आणि शक्यतो हॉलमध्ये वाजवलेल्या घ्याव्या. आमच्या खात्यात ज्या आवाजासाठी माल परत जातो, तोच आवाज या लोकांनी तसाच ठेवून विकायला काढला. पहिल्यांदा मला हा निष्काळजीपणा वाटला होता. आता किर्र आली की बरं वाटतं, पलीकडे कोणीतरी खरोखर बसलंय हे कळतं.

पत्र फार लांबलं. गुडघ्याला जप, जिन्यात थांबत जा, बघणाऱ्यांना बघू दे.

तुझा, पास झालेला,
भाचा

ता. क. रेकॉर्डी मागायच्या असतील तर खुशाल माग. एकदम देता येणार नाहीत, एवढंच.

पुन्हा ता. क. खोकल्याचं राहिलं. तोही दर वेळी त्याच जागी येतो, रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, पियानो बारीक होतो तिथे. मग मी कव्हर उलटून, हे जिथे वाजवलं त्या गावाचं नाव आणि साल वाचलं. तुझ्या कंपनीने तुला निवृत्तीच्या आधी जिकडे पाठवलं होतं, तेच गाव, तेच साल. तू आम्हाला सांगायचीस की संध्याकाळी खोलीवर बसून विणकाम करते. (एकही स्वेटर आला नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.) खोकल्यानंतर तुझ्या चष्म्याच्या डबीचा खटका आहे, म्हणजे पर्समध्ये घशाची गोळी शोधलीस. मग गोळीचा कागद उलगडल्याची चुरचुर. वरची सोडून म्हणालीस ती का, हे आता माझ्या लक्षात आलंय.

शेवटचा ता. क., आणि पत्र खरं यासाठीच. बायको म्हणते विचारू नकोस, पण कान डॉक्टरी शिक्क्यानिशी ठणठणीत असल्यावर गप्प कसा बसू? मावशी, खोकला एकच आहे आणि कागद दोन आहेत. दुसरा तुझ्या शेजारून, जरा सावकाश उलगडलेला. आणि त्यानंतर तू तोंडावर हात धरून हसली आहेस, इतकं हळू की मी दांडी लावून ऐकलं. जन्मभर तुझं हसणं दोन घरांपलीकडे ऐकू जायचं, असं हसताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं. कोण ते, हे सांगायचं नसेल तर नको सांगूस. दर वर्षी मी बोलावतो आणि 'एकट्या बाईसाठी कशाला खोली अडवता' म्हणून तू टाळतेस, म्हणून एवढंच कळवतो की मागची खोली रिकामी केली आहे. पंखा मी स्वतः निवडून लावलाय, अजिबात आवाज नाही, आणि मुद्दाम मोठा घेतलाय. दोघांना वारा पुरेल.