पाचवी आगळीक

२ नोव्हेंबर १९७४, लोणावळे

उद्या पुण्यास निवड-सामना! आशियाई कुमारी बास्केटबॉल स्पर्धेसाठी आमच्या शाळेतून एकच मुलगी घेतली जाईल, असे क्रीडाशिक्षिका मुक्ताबाईंनी सांगितले. माझी नात नलू, किंवा कार्ल्याच्या डोंगरावरील शिदूची चिंगी. खेळणार मात्र दोघी एकाच संघातून. आजही एकाच डब्यातून जेवल्या. चुरस कशास म्हणतात, हे त्यांना ठाऊक नसावे.

३ नोव्हेंबर

आताच परतलो. 

ह्या खेळात ज्यास 'फाऊल' म्हणतात, त्यास मी 'आगळीक' म्हणतो. जिच्या हातून ती घडते, तिने गुणलेखकाकडे तोंड करून स्वतःच हात वर करावा, असा नियम आहे. पाच झाल्या की बाहेर. फार सुसंस्कृत नियम!

नलूच्या चार झाल्या होत्या, चिंगीच्याही चार. बास्केटखाली दोघी मिळून एका मुलीवर आदळल्या. शिट्टी वाजली. दोष कोणाचा, हे पंचांना दिसले नसावे; ते दोघींकडे पाहत राहिले. चिंगी मान खाली घालून उभी. तेव्हा नलूने हात वर केला — सरळ, कोपरात न वाकवता.

ती बाहेर बसली. चिंगीने सामना जिंकून दिला. निवडही तिचीच झाली.

गाडीत नलूस म्हणालो की तू सत्य लपवले नाहीस, ह्याहून मोठा विजय नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. हरल्याचे दुःख असणारच.

८ नोव्हेंबर

वाचनालयात, टपालकचेरीत, जेथे गेलो तेथे हा प्रसंग सांगितला. अंबाजी न्हावी म्हणाला, "मास्तर, मान हलवू नका. गोष्ट मला पाठ झालीय."

सायंकाळी शिदू भातकापणी सोडून आला. उन्हाळ्यात चिंगीचे लग्न उरकायचे ठरले होते; आता पाहुण्यांना थांबायला सांगितले म्हणाला. मग हळूच विचारले, "आबा, लय लांब हाय म्हनं. तितं पोरीला भात मिळंल न्हवं?"

मिळेल, असे मी ठामपणे सांगितले. मला तरी कोठे ठाऊक आहे!

१२ जानेवारी १९७५

चिंगी आशियाई स्पर्धेसाठी रवाना झाली. नलूने आपले बूट तिला दिले. सैल होतात, म्हणून पुढे कापूस भरला.

२ फेब्रुवारी

चिंगी परतली. संघ एकच सामना जिंकला. त्यात सर्वाधिक गुण तिचे! शिदू स्टेशनवर हमालांना ते सांगत होता, आणि मी नलूविषयी. कोणी कोणाचे ऐकत नव्हते.

येत्या रविवारी शाळेच्या वर्धापनदिनी मी अध्यक्ष आहे. विषय — 'सत्यनिष्ठा'. दृष्टान्त शोधावा लागणार नाही.

६ फेब्रुवारी

चिंगी बूट परत द्यायला आली. उंबऱ्यातच थबकली.

"आबा, त्यो फाऊल माजा व्हता. कोपर माजं लागलं. नलूनं उगाच हात वर केला."

नलूस हाक मारली. तिने मान खाली घातली नाही.

"मला पुढच्या वर्षीही खेळता आलं असतं, आजोबा. तिचं लग्न झालं असतं."

रात्री भाषण पुढ्यात घेतले. 'सत्यनिष्ठा' हे शीर्षक खोडले. दृष्टान्त तोच ठेवला.