भाऊ उभा राहिला तर

चि. साया,

नुकुआलोफाहून तुझ्या ताईचे भरभरून आशीर्वाद. बोटीने पाठवलेले अळूचे कंद पोचले. आईचा गुडघा कसा आहे?

निवडणूक आयोगाला सल्लागार समितीवर कुठल्याच पक्षाची नसलेली माणसं हवी आहेत. मी अर्ज केला होता, परवा मुलाखत झाली. अध्यक्ष लातूकाका म्हणाले, "तुझा भाऊ निवडणुकीला उभा राहतोय म्हणे. उद्या त्याने काही सांगितलं तर ऐकशील?"

मी म्हटलं, "भाऊ बहिणीला हुकूम सोडतो, असं टोंगाच्या कुठल्या बेटावर पाहिलंत?" सगळे खो खो हसले.

मग काका हळूच म्हणाले, "ते खरं गं. पण तू त्याला 'बस खाली' म्हणालीस, तर?"

आपल्याकडे बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो, हे त्यांनाही ठाऊक. माझ्या लेकीच्या लग्नात मी नुसतं बघितलं, तर तू आपलं थोरलं डुक्कर जेवणावळीला देऊन टाकलंस!

खरंच उभा राहतोयस का रे? नुसतं कुतूहल हं, दुसरं काही नाही. आणि हे वाचून माघार घेतलीस, तर समितीवरची ती जागा मला दिली तरी मी घेणार नाही.

तुझीच,
मेलेनाइतेताई