गठाणीची ओटी

कार्तिक वद्य ५, शके १७८६. अकोला

निवडला! माह्या सासऱ्याचाच कापूस निवडला! साहेब म्हणे, हैदराबादेले विचारायचं नाही, मुंबईलेही नाही — आता वऱ्हाडाची कचेरी विलायतेच्या व्यापारी मंडळाशी थेट बोलणार. खलित्यासोबत नजराणा म्हणून कापसाची एक गठाण. साहेबाचा दुभाषा मी, मीच नाव सुचवलं — बार्शीटाकळीकडचे खुशालराव पाटील. वऱ्हाडाची इज्जत आता मामाजीच्या कापसावर.

कार्तिक वद्य ९

गठाण गेली. मामाजी शिवेपर्यंत गाडीमागं चालत गेले. डोळे पुसत होते, बुवा!

ज्येष्ठ शुद्ध ११, शके १७८७

घात झाला. विलायतेच्या बंदरातल्या दलालाचं पत्र. गठाण फोडली तर आत नारळ, तांदूळ, हळद! नारळ सडला, कापूस पिवळा पडला. वजन वाढवाले कोणी टाकलं ते लिहून पाठवा, म्हणते.

साहेब माह्यावर ओरडला, "तुझा सासरा लबाड!"

ज्येष्ठ शुद्ध १३

नारळ, तांदूळ, हळद म्हणजे ओटीचंच सामान; म्हणून सुभद्रेले, माह्या बायकोले, विचारलं. ती सरळ म्हणे, "गठाण बांधताना म्याच ठेवलं. ते गठाण म्हणजे बाबाच्या घरची लेकच ना? सात समुद्रापल्याड रिकाम्या ओटीनं कशी धाडू?"

डोकं कुठं आपटू!

मामाजी आले. ऐकून घेतलं. म्हणाले, "जावईबापू, पोरीचं नाव कचेरीत नोको. लिवा, वजनासाठी खुशालरावानंच टाकलं."

साहेबाले खरं सांगायचं होतं. सुभद्रेले कचेरीत उभी करतीन, मले हाकलतीन — भ्यालो. भेकड मेला मी! मामाजी म्हणाले तसं लिहून देल्लं.

ज्येष्ठ वद्य ४

मामाजीले सहा महिने कैद. पाटीलकी गेली. माह्या हातानं लिहिलेली जबानी डाकेनं विलायतेले रवाना.

आषाढ शुद्ध २

सुभद्रा ताट वाढते अन् भिंतीकडं तोंड करून बसते. गावात म्हणून राहिले, वऱ्हाडाचं नाक खुशालरावानं कापलं. आयकतो अन् मान खाली घालतो. जगून काय फायदा?

आषाढ वद्य ७

आज व्यापारी मंडळाचं सोताचं पत्र आलं, दलालाच्या पत्रामागून, पण जबानी पोचायच्या आधी लिहिलेलं. "नारळ-तांदूळ ठेवणं हा तुमच्याकडचा मानाचा रिवाज दिसतो. त्याचा अर्थ कळवावा, म्हणजे आम्हीही तसंच काही पाठवू."

अर्थ त्यायले आतापर्यंत पोचला असंन — 'वजनासाठी टाकलं'. माह्या अक्षरात.